अर्ध्या क्राउनचा हिशेब

मी एका कारखान्याच्या लेखा विभागात २९ वर्षं काम केलं. त्यामुळे 'अ ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट मला कधी स्क्रूजच्या बाजूने वाचताच आली नाही. पहिल्या वाचनापासून मी त्याच्या कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या, स्टुलावर बसले आहे. बाहेर लंडनचं धुकं, खोली कसली, कोंदट कोनाडाच, शेकोटीत एकच निखारा असावा एवढी धग. कोळशाची पेटी साहेबांच्या खोलीत, म्हणजे उठून कोळसा घालायचा तर साहेबांच्या नजरेसमोरून जायचं. म्हणून हा कारकून गळ्याला पांढरा मफलर गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकून पाहतो. ते जमत नाही.

गेल्या डिसेंबरात मी या गोष्टीवरचे नऊ चित्रपट तीन आठवड्यांत पुन्हा पाहिले, शेजारी वही ठेवून. स्क्रूज कोणी चांगला केला याची चर्चा भरपूर होते. मला पाहायचं होतं की बॉबचं काय केलं.

आधी आकडे, कारण सगळं तिथेच आहे. चार्ल्स डिकन्सने ही गोष्ट १८४३ साली सहा आठवड्यांत लिहिली. १९ डिसेंबरला पुस्तक आलं आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. किंमत पाच शिलिंग. बॉबचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. म्हणजे ज्याची ही गोष्ट, त्याला ती विकत घ्यायची तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा गेला असता. आता आठवड्याचे कामाचे दिवस सहा. पंधराला सहाने भागलं की अडीच शिलिंग येतात, आणि अडीच शिलिंग म्हणजे अर्धा क्राउन. नाताळची रजा देताना स्क्रूज नेमकं हेच नाणं काढतो: या दिवसाचा अर्धा क्राउन कापला तर तुला अन्याय वाटेल, पण काम नसताना मी पगार देतो तेव्हा माझ्यावर अन्याय होतो असं तुला वाटत नाही. मला तरी वाटतं, डिकन्सने हा आकडा भागाकार करून लिहिला. त्याचे वडील १८२४ साली कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर राबत होता. एका दिवसाचे किती होतात, हे असा माणूस जन्मात विसरत नाही.

आणि मग नाताळची सकाळ. तिन्ही भुतं येऊन गेलेली आहेत. स्क्रूज खिडकीतून वाकून रस्त्यावरच्या पोराला सांगतो, कोपऱ्यावरच्या दुकानातली ती मोठी टर्की घेऊन दुकानदाराच्या माणसाला इकडे आण, तुला एक शिलिंग देईन. पाच मिनिटांच्या आत आणलंस तर अर्धा क्राउन! तेच नाणं. काल जे कारकुनाच्या दिवसभराच्या कामाचं मोल होतं आणि तरी देताना जीव तुटत होता, ते आज पाच मिनिटांच्या धावण्याला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

ज्यांनी गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एबेनेझर स्क्रूज हा लंडनचा कंजूष सावकार-व्यापारी. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, जेकब मार्लीचं, भूत हिशेबाच्या वह्या, तिजोऱ्या आणि कुलपं अडकवलेली साखळी ओढत येतं. त्याच्या मागोमाग तीन भुतं येतात: गेलेल्या नाताळांचं, आजच्या नाताळाचं आणि येणाऱ्या नाताळाचं. आपल्या भाषेत भूत म्हणजे पिशाच्च आणि भूत म्हणजे होऊन गेलेला काळही. पहिल्या भुताला मराठीत जेवढं नेमकं नाव मिळतं तेवढं मूळ इंग्रजीतही नाही, असं मला नेहमी वाटतं.

मी प्रत्येक चित्रपटात तीन जागा पाहते: रजा मागण्याचा प्रसंग, कोळसा, आणि शेवट. शेवटाबद्दल आधीच सांगते, कारण माझं सगळं मत त्यावर बेतलेलं आहे. पुस्तकात स्क्रूज बदलल्यावर बॉबच्या घरी जात नाही. टर्की पाठवतो, तीही नाव न सांगता, आणि ती कॅम्डेन टाउनपर्यंत उचलून नेणं शक्य नाही म्हणून घोडागाडीचं भाडंही देतो. स्वतः जातो भाच्याकडे, फ्रेडकडे. बॉबला तो भेटतो दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, कचेरीत. बॉबला साडेअठरा मिनिटं उशीर झालेला आहे. स्क्रूज जुन्याच आवाजात दरडावतो, हे मी आता चालवून घेणार नाही, आणि म्हणून, म्हणून तुझा पगार वाढवतो! बॉब घाबरून टेबलावरच्या रुळाकडे सरकतो. मग स्क्रूज म्हणतो, शेकोट्या पेटव, आणि पुढच्या अक्षरावर टिंब द्यायच्या आत कोळशाची आणखी एक बादली विकत आण.

पण कितीतरी चित्रपटांना हा शेवट पुरत नाही. त्यांना स्क्रूज बॉबच्या दारात हवा असतो.

१९३८ सालचा एमजीएमचा चित्रपट त्यातलाच. एडविन मॅरिनचं दिग्दर्शन, रेजिनाल्ड ओवेन स्क्रूज. ही भूमिका लायनेल बॅरीमोर करणार होता, ते जमलं नाही. जेमतेम ६९ मिनिटांचा चित्रपट, पाहायला हलकाफुलका, आणि त्यासाठी गोष्टीतलं सगळं जड ओझं उतरवून ठेवलंय. स्क्रूजची वाग्दत्त वधू बेल नाही. मेलेल्या माणसाच्या पलंगाचे पडदे विकणारे नाहीत. आजच्या नाताळाच्या भुताच्या झग्याखालून निघणारी ती दोन उपाशी मुलं, अज्ञान आणि दारिद्र्य, तीही नाहीत. बॉब आहे जीन लॉकहार्ट, गोल, गुबगुबीत, गालांवर लाली. त्याच्या बायकोची भूमिका त्याच्या खऱ्या बायकोने, कॅथलीनने, केली आहे आणि मुलींमध्ये त्यांची खरी मुलगी जून पडद्यावर पहिल्यांदा दिसते. कुटुंबाची ती ऊब खरी आहे, ती नाकारणार नाही. पण पंधरा शिलिंगांत सहा मुलं वाढवणाऱ्या माणसाच्या अंगावर एवढं मांस कुठून आलं, हा प्रश्न पूर्णवेळ माझ्या डोक्यात राहिला. इथे बॉबने मारलेल्या बर्फाच्या गोळ्याने साहेबांची हॅट पडते आणि त्याची नोकरीच जाते. हे पुस्तकात नाही. मला ते पटलं नाही, कारण पुस्तकातला छळ नोकरी टिकवून ठेवण्याचा आहे. रोज जायचं, रोज गारठायचं, आणि घरी आल्यावर त्याच साहेबाच्या नावाने प्याला उचलायचा.

आणि शेवटी ओवेनचा स्क्रूज भेटवस्तू घेऊन क्रॅचिटांच्या घरात शिरतो.

इथे मला माझं सांगावंसं वाटतं. एकदा आमचे एक वरिष्ठ सणाच्या दिवशी न कळवता घरी आले. हातात भेट, चेहऱ्यावर मनापासूनचं हसू. माणूस वाईट नव्हता. पण घरात पसारा, मुलगी वह्या पसरून बसलेली, आणि मी हातातलं सगळं टाकून अदबीने उभी. ते वीस मिनिटं बसले. ते गेल्यावर कोणी मोठ्याने बोलेना. माझ्या वेतनवाढीची फाइल तेव्हा आठ महिने त्यांच्याच टेबलावर पडून होती. ती सही होऊन खाली आली असती तर त्या सणाला आमच्या घरात त्यांचं नाव आपणहून, आनंदाने निघालं असतं. डिकन्सला हे बरोबर कळलं होतं. क्रॅचिटांच्या जेवणात बॉब स्क्रूजचं नुसतं नाव घेतो, तर त्या नावाची सावली टेबलावर पूर्ण पाच मिनिटं राहते. बदललेला स्क्रूज त्या दिवशी त्या घरापासून लांब राहतो. ही त्याची पहिली खरी समज आहे, असं मी मानते.

१९७० सालच्या 'स्क्रूज' या संगीतपटातही शेवटी तो बॉबच्या घरी जातो, तोही लाल झगा घालून फादर ख्रिसमस बनून. अल्बर्ट फिनी तेव्हा पस्तिशीच्याही आतला होता, पण म्हातारपण त्याने पाठीच्या कण्यात उतरवलंय. लेस्ली ब्रिकसची गाणी सगळीच काही लक्षात राहत नाहीत. एक मात्र विसरता येत नाही: भविष्यात लोक आनंदाने नाचत धन्यवादाचं गाणं गातात, स्क्रूजला वाटतं हे माझ्यावरचं प्रेम, आणि ते नाचत असतात त्याच्या शवपेटीवर, कारण मेल्याबरोबर सगळ्यांची कर्जं सुटली. पण मला हा चित्रपट आवडतो तो दुसऱ्याच प्रसंगासाठी. स्क्रूज नरकात पडतो. तिथे ॲलेक गिनेसचा मार्ली त्याला सांगतो की तुझी नेमणूक सैतानाचा खासगी कारकून म्हणून झाली आहे. बॉब क्रॅचिट तुझ्यासाठी जो होता, तो तू इथे. आणि नरकातली ती खोली गारठलेली आहे! बाकी सगळा नरक धगधगतो आणि कारकुनाची खोली तेवढी थंड. पुस्तकात यातलं एक अक्षर नाही. तरी पुस्तकाच्या मर्मावर एवढं नेमकं बोट ठेवणारी भर दुसऱ्या कोणी घातलेली मी पाहिली नाही.

आता १९५१. ब्रायन डेस्मंड हर्स्टचा 'स्क्रूज', कृष्णधवल, ॲलिस्टर सिम. हा मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे आणि दर वेळी वहीत नवीन काहीतरी लिहिलं जातं.

पटकथाकार नोएल लँगलीने पुस्तकाच्या मधल्या भागात बरंच स्वतःचं घातलं. पुस्तकात स्क्रूजची बहीण फॅन गेली एवढंच कळतं. इथे ती फ्रेडला जन्म देताना मरते, आणि माझ्या बाळाला सांभाळ हे तिचे शेवटचे शब्द ऐकायच्या आतच स्क्रूज खोलीतून निघून गेलेला असतो. ते शब्द त्याला भुताबरोबर उभं राहिल्यावर, म्हातारपणी, पहिल्यांदा ऐकू येतात. त्या क्षणी सिमचा चेहरा नुसता पडत नाही, वर्षानुवर्षं बंद असलेलं काहीतरी आतून निखळतं. मी हे बघताना दर वेळी रडते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पण माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेली जागा दुसरी आहे. मार्ली मरणाला टेकलाय, निरोप कचेरीत येतो, आणि स्क्रूज म्हणतो, कचेरी सात वाजता बंद होते, मग येईन. भागीदार मरतोय आणि हा घड्याळाकडे बघतो. ज्याने बॉबच्या एका दिवसावर हरकत घेतली, तो स्वतःलाही एक तास सोडत नाही. त्याचा कंजूषपणा दुसऱ्यांपुरता नव्हता हे या एका प्रसंगात कळतं, आणि पुढचं सगळं त्यामुळे पटतं.

आणि मिसेस डिल्बर! पुस्तकात ही मेलेल्याच्या चादरी विकणारी धोबीण. चित्रपटाने तिला स्क्रूजची मोलकरीण केलं आणि कॅथलीन हॅरिसनने तिच्यात प्राण ओतले. नाताळच्या सकाळी मालक नाइटशर्टमध्ये नाचतो, डोक्यावर उभा राहतो, ती किंचाळत जिन्यावरून पळते. तो मागे धावून तिच्या हातात एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, ठेवतो. तिला वाटतं, पाहिलेलं कोणाला सांगू नये म्हणून हे पैसे आहेत. गरीब माणसाला अचानक पैसे मिळाले की आधी हीच शंका येते, हा प्रसंग ज्याने लिहिला त्याने माणसं जवळून पाहिली असणार. मग स्क्रूज विचारतो, मी तुला आठवड्याला किती देतो? दोन शिलिंग. आजपासून दहा. म्हणजे या चित्रपटात पहिली पगारवाढ बॉबच्याही आधी झाडलोट करणाऱ्या बाईला मिळते. मी वहीत फक्त २ आणि १० हे आकडे लिहिले आणि त्याभोवती गोल केला.

फ्रेडच्या दाराशीही हा चित्रपट थांबतो. पुस्तकात स्क्रूज त्या दारावरून डझनभर वेळा पुढे जातो आणि मग धीर करतो. इथे दार एक तरुण मोलकरीण उघडते, त्याचा कोट-हॅट घेते, आणि आत जायला अडखळणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे बघून नुसती मान हलवते. जा, काही होत नाही. त्या मुलीला एकही वाक्य नाही. आजवर ज्यांच्याकडे त्याने पाहिलंही नव्हतं, त्यांच्यातल्याच एकीने त्याला आत ढकललं.

मर्व्हिन जॉन्सचा बॉब मात्र मला थोडा फार सोसणारा वाटतो. भला माणूस, पण कधी मनातल्या मनात तरी चिडला असेल असं दिसत नाही.

ती उणीव १९८४ साली भरून निघते. क्लाइव्ह डॉनरने दिग्दर्शित केलेला, टीव्हीसाठी बनलेला चित्रपट, जॉर्ज सी. स्कॉट स्क्रूज. याच डॉनरने १९५१च्या चित्रपटाचं संकलन केलं होतं. तेहतीस वर्षांनी तो त्याच गोष्टीकडे परत आला आणि आधीच्या चित्रपटाची नक्कल करण्याचा मोह त्याने टाळला. चित्रीकरण श्रूजबरी या इंग्लंडमधल्या जुन्या गावात झालं. तिथल्या सेंट चॅड चर्चच्या आवारात स्क्रूजचं नाव कोरलेली शिळा तेव्हापासून राहिली आहे आणि लोक ती बघायला जातात.

यातला कोळशाचा प्रसंग मी कामावर असते तर भिंतीवर लावला असता. डेव्हिड वॉर्नरचा बॉब कोळसा घालायला उठतो. स्कॉट त्याला थांबवतो, त्याच्या अंगावरचा शर्ट, जाकीट, कोट एकेक दाखवून विचारतो हे काय आहे, आणि समजावून सांगतो की माणसाने थंडीसाठी कपड्यांचा शोध लावला. कपडे एकदा घेतले की पुष्कळ वर्षं चालतात. कोळसा क्षणात जळतो आणि महाग पडतो. आवाज चढलेला नाही. खर्चकपातीचं परिपत्रक वाचून दाखवावं तसा. मी असली परिपत्रकं टंकलेली आहेत, म्हणून मला माहीत आहे की साहेब ओरडतो तेव्हा इतकं लागत नाही जितकं तो बरोबर मुद्दे मांडतो तेव्हा लागतं. वॉर्नर काही बोलत नाही. उंच, हाडकुळा माणूस, खाली बघतो, आणि जबड्याजवळ एक शीर हलते. राग गिळणारा बॉब मला पहिल्यांदा इथे भेटला.

स्कॉटचा स्क्रूज विक्षिप्त म्हातारा नाही, व्यापारी आहे. रॉयल एक्सचेंजमध्ये तो धान्याचा सौदा करतो: काल नाही म्हणालात म्हणून आज भाव वाढला, उद्या आणखी वाढेल. कचेरीबाहेर बापाची वाट बघत उभा असलेला बॉबचा मुलगा टिम त्याला भिकारी वाटतो आणि तो त्याला हटकतो. त्या पोराचं नाव त्याला माहीत नाही, ते आपल्याच कारकुनाचं आहे हे माहीत नाही. एडवर्ड वुडवर्डचं आजच्या नाताळाचं भूत मला सगळ्या चित्रपटांत थोर वाटतं, कारण ते गोड नाही. हसता हसता त्याच्या आवाजाला धार येते. गरीब मरायचे तर मरोत, जास्तीची लोकसंख्या कमी होईल, हे स्क्रूजचंच वाक्य ते त्याच्या तोंडावर फेकतं, तेव्हा स्कॉटसारखा धिप्पाड नटही लहान दिसतो. झग्याखालची ती दोन मुलं इथे पूर्ण वेळ घेऊन दाखवली आहेत. ती वगळली की गोष्टीचा पायाच जातो. १८४३च्या सुरुवातीला खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स हादरला होता. गरिबाच्या मुलाच्या बाजूने एक पत्रक काढायचं त्याने ठरवलं होतं, आणि मग पत्रकाऐवजी ही गोष्ट लिहिली.

शेवट कचेरीतच होतो, पुस्तकाप्रमाणे. पगार वाढतो ते ऐकताना वॉर्नरला आनंद व्हायला वेळ लागतो. आधी अविश्वास. मला असाच बॉब हवा होता.

आता मपेट्स. १९९२चा 'द मपेट ख्रिसमस कॅरल' मी कितीतरी वर्षं पाहिलाच नाही, कापडी बाहुल्यांत ही गोष्ट काय राहणार म्हणून. मुलीने बसवलं आणि माझं मत पूर्ण बदललं. या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन १९९० साली गेले, आणि त्यांच्या मुलाने, ब्रायनने, दिग्दर्शित केलेला हा त्यानंतरचा पहिला मपेट चित्रपट. मायकेल केनने ठरवून समोर बाहुल्या नाहीतच अशा गांभीर्याने काम केलंय. त्याच्या डोळ्यांत एकदाही मिस्कीलपणा येत नाही, आणि म्हणून बेडकाच्या रूपातला बॉब, आपला कर्मिट, माणूस होतो. गोंझो ही बाहुली चक्क डिकन्स बनून गोष्ट सांगते, त्यामुळे पुस्तकातली कितीतरी वाक्यं जशीच्या तशी कानावर पडतात. गंभीर चित्रपटांना जे साधलं नाही ते याला साधलं.

आणि कचेरी! इथे बॉब एकटा नाही, त्याच्या हाताखाली उंदरांची सबंध रांग हिशेब लिहीत बसली आहे. ते कुडकुडत कोळसा मागतात, स्क्रूज नुसतं नोकरी जाईल म्हणतो, आणि क्षणात सगळे उन्हाळा आल्यासारखे नाचायला लागतात. पोरं हसतात. मी हसले नाही, कारण आमच्या विभागात त्या बैठका मी बघितल्या आहेत. नाताळला बजावायच्या घर खाली करण्याच्या नोटिसांबद्दल कर्मिट म्हणतो, उद्या सण आहे. स्क्रूजचं उत्तर: मग त्या भेटीच्या कागदात गुंडाळ. आणि रजा कर्मिट कशी मागतो पाहा. दया मागत नाही. म्हणतो, सगळी दुकानं बंद असणार, व्यवहार कोणाशी करणार, कोळसा मात्र फुकट जळेल. साहेबांच्या फायद्याच्या भाषेत आपली सुट्टी मांडणं ही कारकुनाची आयुष्यभराची कला आहे, आणि ती एका हिरव्या बाहुलीने सगळ्यांत अचूक केली.

एक सूचना: बेल स्क्रूजला सोडून जाते तेव्हाचं गाणं चित्रपटगृहातल्या प्रतीतून काढलं होतं. २०२२ साली ते असलेली प्रत डिझ्नीच्या सेवेवर आली. तीच बघा. ते नसेल तर शेवटचं गाणं कुठून आलं ते कळत नाही. हो, हाही स्क्रूज शेवटी बॉबच्या दारात जातो. पण तिथे आधी रागावल्याचं सोंग, बॉबची बायको झालेल्या मिस पिगीचा खरा संताप, मग पगारवाढ आणि वर घराचं गहाण सोडवून देणं, म्हणजे कचेरीतला प्रसंगच उंबऱ्यावर आणलाय. मी तो मान्य केला. आकडा दिला की माझी हरकत मावळते.

उरलेल्यांत १९९९चा पॅट्रिक स्ट्यूअर्ट. रंगमंचावर त्याने एकट्याने ही सबंध गोष्ट कितीतरी वेळा सादर केली होती. चित्रपटात कसलेलेपण दिसतं, पण फार दिसतं, पुढचं वाक्य त्याला पाठ आहे हे जाणवत राहतं. एक जागा मात्र अपूर्व: नाताळच्या सकाळी हसू फुटण्याआधी त्याचा जीव घुसमटतो, ठसका लागल्यासारखा. हसायचं कसं हे शरीर विसरलंय. रिचर्ड ई. ग्रँटचा बॉब खप्पड गालांचा, खरोखर उपाशी. त्याला जास्त वेळ द्यायला हवा होता.

२००९चा रॉबर्ट झेमेकिसचा, नटांच्या हालचाली संगणकात उतरवून केलेला. जिम कॅरी स्क्रूजही आणि तिन्ही भुतंही. सुरुवातीलाच मार्लीच्या प्रेतावरची दोन नाणी स्क्रूज उचलून घेतो, तेव्हा मी सरसावून बसले. भाषा पुस्तकाशी पुष्कळ इमानी आहे, कचेरीतला शेवटही आहे. पण मधे स्क्रूज उंदराएवढा होऊन नळांतून घसरतो, काळे घोडे पाठलाग करतात, आणि गोष्ट तेवढा वेळ कुठेतरी निघून जाते. गॅरी ओल्डमनसारखा नट बॉब आहे आणि त्याचा चेहरा मेणाचा. डोळ्यांत पाणी आलं तरी ओलं दिसत नाही.

त्यापेक्षा रिचर्ड विल्यम्सचा १९७१चा २५ मिनिटांचा अनिमेशनपट पाहा. जुन्या खोदचित्रांसारखी रेघ, आवाज पुन्हा ॲलिस्टर सिमचा, मार्ली पुन्हा मायकेल हॉर्डर्न, दोघेही १९५१चेच. खाणकामगार, दीपगृहातली दोन माणसं, समुद्रावरचं जहाज, हे एरवी बहुतेक गाळतात, ते इथे आहे. ऑस्कर मिळालं ते सार्थ. भीतीदायक आहे, लहान मुलांना एकट्याने बघू देऊ नका. त्यांच्यासाठी १९८३चा मिकीचा २६ मिनिटांचा आहेच. अंकल स्क्रूज हे बदक तिथे स्क्रूज आहे, आणि शेवटी बॉब झालेल्या मिकीला पगारवाढ देतो आणि भागीदारही करतो. भागीदारी! एवढं तर डिकन्सनेही दिलं नव्हतं.

मुलीची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिला यंदा मपेट्स, दोनेक वर्षांनी १९८४, आणि मग १९५१, तोही कृष्णधवलच. त्याची नंतर रंग भरलेली प्रत निघाली, ती घेऊ नका. त्या खोलीतली थंडी राखाडी रंगातच आहे.

त्यात शेवटी कचेरीतला प्रसंग आला की माझ्या शेजारी जो कोणी बसला असेल त्याला मी गप्प करते. सिम उशिराबद्दल दरडावतो, मग स्वतःलाच आवरेना म्हणून हसत सुटतो. जॉन्सला वाटतं याचं डोकं फिरलं. सिम सांगतो, माझं डोकं ठिकाणावरून गेलेलं नाही, बॉब, ते आत्ता ठिकाणावर आलंय. बॉब म्हणतो तो. पुस्तकातही तो त्याला समोर बॉब म्हणून हाक मारतो ती याच सकाळी. मला आमच्या विभागात पहिली अकरा वर्षं आडनावानेच हाक मारत. नावाने पहिल्यांदा हाक आली तो बुधवार होता, दुपारी सव्वातीनची वेळ, आणि मी तेव्हा कोणत्या खात्याची बेरीज करत होते ते आजही सांगू शकते.